लिशमानिया आणि पेशीतला वळवलेला निरोप

लिशमानिया हा परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरतो आणि मॅक्रोफेजमध्ये मुक्काम ठोकतो. मॅक्रोफेज म्हणजे जंतूंना गिळून मारणारी आपली पेशी. मग तिच्याच पोटात तो जगतो कसा? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात मिळाले. डॉ. भास्कर साहा आणि सहकाऱ्यांचे ते संशोधन २००४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने प्रसिद्ध केले.

मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर सीडी-४० नावाचे प्रथिन असते. टी-पेशी ही दुसरी रोगप्रतिकारक पेशी येऊन त्याला भिडली, की आत निरोप निघतो. आतली प्रथिने तो पुढे पोचवतात ती एकमेकांना फॉस्फेटचा गट जोडून. गट जोडला, की पुढचे प्रथिन बहुधा कामाला लागते; काढला, की थांबते. हा गट जोडणारी प्रथिने म्हणजे कायनेज.

सीडी-४०चा निरोप जोरकस असेल, तर पी-३८ हे कायनेज जागे होते. पेशी इंटरल्युकिन-१२ हे संदेशवाहक प्रथिन सोडते, नायट्रिक ऑक्साइड बनवते आणि परजीवी मरतो. निरोप क्षीण असेल, तर ईआरके हे दुसरे कायनेज पुढे येते आणि इंटरल्युकिन-१० सुटून हल्ला थंडावतो. शिवाय या दोन वाटा एकमेकींना दाबून ठेवतात. लिशमानिया नेमका इथेच हात घालतो. तो निरोप अडवत नाही. सांधेवाल्याने गाडी दुसऱ्या रुळावर घ्यावी, तसा तो ईआरकेकडे वळवतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यापुढचा प्रयोग. लिशमानियाला सहज बळी पडणाऱ्या जातीच्या उंदरांमध्ये ईआरकेला रोखल्यावर पी-३८ पुन्हा जागे झाले आणि परजीवी मरू लागले. जंतूवर थेट विषप्रयोग न करता!

अर्थात, ईआरके काही शत्रू नव्हे. पेशींच्या वाढीला आणि विभाजनाला ते लागतेच. ईआरकेला जागे करणारी कायनेजांची साखळी सतत चालू राहिली, तर मात्र मेलानोमासारखे कर्करोग फोफावतात. त्यावरचे ट्रामेटिनिब हे औषध ईआरकेच्या अलीकडची कडी रोखते. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली.

लिशमानियाच्या रुग्णांना आजही प्रामुख्याने परजीवीला मारणारीच औषधे दिली जातात. बिहारमध्ये अँटिमनीच्या जुन्या औषधाला तो दाद देईनासा झाला, हे विसरून चालणार नाही. उंदरांमध्ये दिसलेली ही वाट माणसांसाठीही तपासून पाहायलाच हवी.