हरलेल्या संघाच्या पदरातला एक गुण
खेळातली गणितं : भाग ६

शिरूर आणि दौंड तालुक्यांत यात्रेला किंवा शिवजयंतीला प्रकाशझोतातले कबड्डी सामने भरतात, तेव्हा शेवटच्या मिनिटाला सगळी गर्दी पंचांच्या टेबलाकडे सरकते. समजा, गुणफलक २४-२४ वर थांबला. साखळी सामना असेल तर दोन्ही संघांना एकेक गुण देऊन मोकळं होता येतं. बाद फेरी असेल तर मात्र पाच-पाच चढाया ठरलेल्या.

या चढायांचे नियम नेहमीच्या खेळापेक्षा वेगळे आहेत. पंच दोन्ही संघांकडून पाच वेगवेगळ्या चढाईपटूंची नावं क्रमाने लिहून घेतात. सातही खेळाडू मैदानात असतात आणि गडी बाद झाला तरी बाहेर बसत नाही. फक्त गुण मोजले जातात. निदान रेषाच बोनस रेषेचं काम करते, त्यामुळे ती ओलांडून परतणाऱ्यालाही गुण मिळतो. एरवी आरामात ही रेषा ओलांडणारा चढाईपटू इथे पाऊल टाकताना दहादा विचार करतो. त्यातूनही बरोबरी सुटली नाही, तर सुवर्ण चढाई.

आता अशा चढाया साखळीतही घेतल्या, तर प्रश्न असा की, चाळीस मिनिटं तोडीस तोड खेळून या वाढीव चढायांत एका गुणाने हरलेला संघ आणि वीस गुणांनी धुव्वा उडालेला संघ, या दोघांना गुणतक्त्यात एकाच मापाने मोजायचं का? गेल्या भागात नेट रनरेटचं गणित पाहिलं. या वेळचं गणित कागदावर त्याहून सोपं आहे, पण खेळाडूंच्या वागण्यावर त्याचा परिणाम जास्त होतो.

प्रो कबड्डी लीगने २०१४ साली पहिल्याच हंगामात यावर उत्तर काढलं होतं. विजयाला ५ गुण, बरोबरीला प्रत्येकी ३ आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्याला १. पुणेरी पलटणच्या चाहत्यांना दहावा हंगाम आठवत असेल. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. त्याआधी साखळीत २२ सामन्यांपैकी १७ विजय, ३ बरोबरी, २ पराभव अशी तिची कामगिरी होती. १७ विजयांचे ८५ आणि बरोबरीचे ९ मिळून ९४ होतात. तक्त्यात मात्र पलटणच्या नावापुढे ९६ होते, कारण दोन्ही पराभव ७ गुणांच्या आतले होते. दुसऱ्या क्रमांकावरच्या जयपूर पिंक पँथर्सचे १६ विजय, ३ बरोबरी, ३ पराभव आणि ९२ गुण. म्हणजे जयपूरही तिन्ही वेळा थोडक्यात हरलं होतं.

या पद्धतीने मैदानावर एक वेगळंच दृश्य तयार केलं. सामन्याची शेवटची तीस सेकंदं, संघ ६ गुणांनी मागे, आणि चढाईला त्याचाच गडी. गावच्या मैदानात अशा वेळी लोक ‘घुस, घुस’ म्हणून ओरडतात. लीगमधला चढाईपटू मात्र निदान रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परत येई, कारण पकड झाली आणि अंतर वाढत गेलं तर हातचा एक गुणही जायचा. हरणारा संघ पराभव सांभाळत बसलेला पाहणं प्रेक्षकाला रुचत नाही, आणि त्यात चूक प्रेक्षकाची नाही.

याच पेचात सर्वांत जास्त अडकलेला खेळ म्हणजे उत्तर अमेरिकेतला आइस हॉकी. नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा. पूर्वी बरोबरी झाली की जादा वेळ खेळवत. नोव्हेंबर १९४२ मध्ये साखळी सामन्यांतला जादा वेळ बंद झाला, आणि त्याचं कारण होतं रेल्वे. महायुद्धामुळे गाड्यांच्या वेळांवर बंधनं आली होती आणि सामना लांबला तर संघांची पुढच्या गावची गाडी चुकण्याची भीती होती. दौंड जंक्शनवर जोडगाडीसाठी धावलेल्या कोणालाही हे कारण समजावून सांगावं लागणार नाही.

जादा वेळ परतला तो १९८३-८४ च्या हंगामात, पाच मिनिटांचा. पण तेव्हा जादा वेळेत हरणाऱ्याला काहीच मिळत नसे. त्यामुळे बरोबरीचा एक गुण वाचवण्यासाठी दोन्ही संघ ती पाच मिनिटं बचावात घालवू लागले. यावर १९९९-२००० पासून लीगने जादा वेळेत हरणाऱ्यालाही १ गुण कायम केला, जिंकणाऱ्याचे २ होतेच. पुढे २००५-०६ पासून बरोबरी रद्दच झाली आणि शूटआउटने निकाल लावायचा असं ठरलं. तक्त्यात विजय, पराभव आणि जादा वेळेतला पराभव असे तीन रकाने आले.

इथेच हिशेब बिघडला. साठ मिनिटांत निकाल लागला तर सामन्यातून २ गुण वाटले जातात आणि लांबला तर ३. हा तिसरा गुण कोणाच्याही वाट्यातून कापलेला नाही. साहजिकच, शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी असली की दोन्ही संघ जोखीम टाळतात. आधी एकेक गुण पदरात, मग दुसऱ्यासाठी झुंज.

त्याचा फटका कसा बसतो ते २०१७-१८ च्या हंगामात दिसलं. फ्लोरिडा पँथर्सने ८२ पैकी ४४ सामने जिंकले, फिलाडेल्फिया फ्लायर्सने ४२. पण फ्लायर्सचे १४ पराभव जादा वेळेतले किंवा शूटआउटमधले होते, फ्लोरिडाचे फक्त ८. गुण झाले ९८ आणि ९६. जास्त जिंकलेला आणि कमी हरलेला फ्लोरिडा बाद फेरीबाहेर राहिला, फ्लायर्स आत गेले. एरवी कितीही समर्थन केलं तरी या निकालाचं समर्थन होत नाही.

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची पद्धत अधिक प्रामाणिक आहे. ठरलेल्या वेळेत जिंकलं तर ३, जादा वेळेत जिंकलं तर २, जादा वेळेत हरलं तर १, ठरलेल्या वेळेत हरलं तर ०. प्रत्येक सामन्यातून तीनच गुण निघतात. फक्त वाटणी बदलते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक लीगनेही हीच वाट धरली.

प्रो कबड्डीने २०२५ च्या बाराव्या हंगामात दुसरं टोक गाठलं. विजयाला २, पराभवाला ०. साखळीतली बरोबरीही पाच-पाच चढायांनी, गरज पडल्यास सुवर्ण चढाईने सोडवायची. तक्ता शाळकरी पोरालाही एका नजरेत कळावा इतका सोपा झाला आणि अंतर राखण्यासाठीच्या त्या रिकाम्या चढायांचं कारणही उरलं नाही. पण पुणेरी पलटण आणि दबंग दिल्ली त्या हंगामात पहिल्या क्वालिफायरमध्ये भिडले, तेव्हा चाळीस मिनिटांनंतरही बरोबरीच होती. पाच चढायांनी दिल्लीला थेट अंतिम फेरीत नेलं. अशी लढत साखळीत झाली असती, तर हरणाऱ्याला भोपळाच मिळाला असता, आणि तक्त्यावरून तो कसा लढला हे कोणालाच कळलं नसतं. सोपेपणासाठी एवढी किंमत मोजणं पटत नाही.

शिरूर-दौंडच्या मंडळांना ३-२-१-० ही वाटणी अवघड नाही. त्यासाठी यंत्र लागत नाही की जादा पंच. साखळीतही बरोबरीनंतर पाच-पाच चढाया घ्यायच्या आणि कागदावर एक रकाना वाढवायचा. येत्या यात्रेच्या स्पर्धेत एखाद्या मंडळाने हे करून पाहावं. मात्र गुणवाटप आणि समान गुण झाल्यावरचा नियम दोन्ही प्रवेशपत्रिकेवरच छापावेत. सामना संपल्यावर माइकवरून सांगितलेला नियम हरलेल्या संघाला कधीच मान्य होत नाही.