सुएझ कालवा उघडाच होता

2024 मध्ये युरोपला माल पाठवणाऱ्या कुणालाही कंटेनर का मिळत नाही असं विचारलं, की उत्तर यायचं, "सुएझ बंद आहे ना!" सुएझ खरोखर बंद पडला होता तो मार्च 2021 मध्ये. 'एव्हर गिव्हन' जहाज आडवं रुतलं आणि सहा दिवस वाहतूक थांबली. 2023 च्या अखेरची अडचण कालव्यात नव्हती. ती तांबड्या समुद्रात आणि त्याच्या दक्षिण टोकाच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीत होती. येमेनच्या हूथी बंडखोरांनी नोव्हेंबरात 'गॅलेक्सी लीडर' जहाज पळवलं, मग जहाजांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे न्यायला सुरुवात केली. कालवा उघडाच होता, जहाजं येत नव्हती. त्याचं उत्पन्न 2023 मधल्या सुमारे 1,025 कोटी डॉलरवरून वर्षभरात 400 कोटींच्या आसपास आलं.

दुसरा समज जास्त चिवट आहे: रस्ता लांबला, डिझेल जास्त लागलं, म्हणून भाडं वाढलं. इंधन जास्त लागतं हे खरं, पण कालव्याचा भलामोठा टोलही वाचतो. भाडं चढतं ते जागेच्या टंचाईमुळे. दर आठवड्याला एक जहाज सुटणारी सेवा घ्या. फेरी बारा आठवड्यांची असेल तर बारा जहाजं पुरतात. वळशामुळे तीच फेरी चौदा आठवड्यांची झाली, की चौदा लागतात. रिकामे कंटेनरही तितकेच उशिरा परततात. जगातली जहाजं तेवढीच, जागा मात्र कमी.

ड्र्युरी या सल्लागार कंपनीच्या निर्देशांकात चाळीस फुटी कंटेनरचं भाडं 2019 मध्ये सरासरी 1,420 डॉलर होतं. सप्टेंबर 2021 मध्ये ते 10,377 वर गेलं, आणि तेव्हा सुएझचा रस्ता सुरळीत चालू होता! कोविडमध्ये मागणी उसळली आणि बंदरांबाहेर जहाजं ताटकळली, एवढंच पुरलं. उलट, जुलै 2024 मध्ये 5,900 पर्यंत चढलेलं भाडं ऑक्टोबर 2025 मध्ये 2,000 च्या खाली होतं, तरी बहुतेक जहाजं अजून केपलाच वळसा घालत होती. कोविडच्या कमाईतून मागवलेली नवी जहाजं पाण्यात उतरली होती. त्यामुळे "हूथींचे हल्ले थांबले की भाडं उतरेल" हा हिशेबही कच्चाच. आधी तर जवळच्या आणि लांबच्या रस्त्याने निघालेली जहाजं एकाच वेळी बंदरात येऊन गर्दी करतील.

भाडं सरकार किंवा बंदर ठरवतं, असंही काहींना वाटतं. बंदर फक्त आपलं हाताळणीचं शुल्क घेतं; भाडं ठरतं ते जागेच्या टंचाईवरच.

मग विमानाने पाठवा, हा सल्ला नेहमी फुकट मिळतो. जागतिक व्यापारातला वजनाने एक टक्काही माल विमानाने जात नाही, किमतीने मात्र सुमारे एक तृतीयांश जातो. औषधं, मोबाइल, हिरे यांना ते परवडतं. शिवाय हवाई मालाचा मोठा वाटा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. म्हणून 2020 मध्ये प्रवासी घरी बसले आणि मालाचं भाडं भडकलं. त्यात वजन काट्यावरचंच धरतील असं नाही. एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोक्यात 60 किलो माल असला, तरी 6,000 घन सेंटिमीटरला एक किलो या हिशेबाने बिल सुमारे 167 किलोचं येतं. इथेही विकली जाते ती जागाच.

नाशिकच्या द्राक्षांना हा हवाई मार्ग बहुधा बंदच. ती न्हावा शेवाहून रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये रॉटरडॅमला जातात, आणि केपच्या वळशाने प्रवासात साधारण दोन आठवड्यांची भर पडते. ज्याचा देठ हिरवा राहायला हवा, त्या मालासाठी हे दोन आठवडे भाड्याहून महाग.

"आम्ही एफओबीवर, म्हणजे जहाजावर माल चढवेपर्यंतच्या दराने विकतो, भाडं गिऱ्हाईक भरतं," असं म्हणून काही निर्यातदार निश्चिंत असतात. भाडं चढलं की तेच गिऱ्हाईक पुढच्या ऑर्डरला दर पाडून मागतं. ज्याचा माल कन्साइनमेंटवर, म्हणजे विकल्यावर पैसे या बोलीवर जातो, त्याच्या हिशेबाच्या पट्टीत तर भाडं वजा होऊनच येतं.