राज्यांचे बदलते कामगार कायदे : घोषणा कोणती, बंधनकारक नियम कोणता?

पुणे, बंगळूरु आणि दिल्ली येथे शाखा असलेल्या एखाद्या कंपनीत तीन कर्मचाऱ्यांचे वेतन समान असले, तरी त्यातून होणारी कपात समान असेलच असे नाही. दिल्लीत व्यवसाय कर नाही. कर्नाटकात दरमहा २५ हजार रुपयांपेक्षा कमी वेतनावर तो आकारला जात नाही. महाराष्ट्रात २५ हजार रुपयांपर्यंतच्या वेतनाची सवलत केवळ महिलांना आहे, तर दहा हजारांहून अधिक वेतन घेणाऱ्या पुरुषांना वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. ही रक्कम योग्य रीतीने कापून शासनाकडे जमा करण्याची जबाबदारी मालकाची असते.

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने संसद आणि राज्य विधिमंडळे या दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. २९ केंद्रीय कायद्यांची जागा घेणाऱ्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. मात्र त्यामुळे राज्यांची भूमिका संपलेली नाही. दुकाने व आस्थापना कायदे आणि व्यवसाय कर हे राज्यांच्याच अखत्यारीत आहेत. किमान वेतनाबाबत केंद्राने तळदर ठरवावा आणि राज्यांनी त्याखाली जाऊ नये, अशी वेतन संहितेची रचना आहे. बहुतांश खासगी आस्थापनांसाठी प्रत्यक्ष दर राज्य शासनच निश्चित करते.

मालकांची सर्वाधिक गफलत होते ती घोषणा आणि कायदा यांतील अंतर न ओळखल्याने. मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे कायदा नव्हे. कर्नाटक मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय पदांवर ५० टक्के आणि अन्य पदांवर ७० टक्के स्थानिकांना आरक्षण देणाऱ्या विधेयकाला मंजुरी दिली. उद्योगजगतातून विरोध होताच काही दिवसांतच ते स्थगित ठेवण्यात आले.

विधानसभेची मंजुरीही पुरेशी नसते. तमिळनाडू विधानसभेने एप्रिल २०२३ मध्ये कारखान्यांत बारा तासांच्या कामाची मुभा देणारे विधेयक संमत केले. कामगार संघटनांच्या विरोधानंतर त्याची पुढील प्रक्रिया थांबवण्यात आली आणि १ मे रोजी ते मागे घेत असल्याचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी जाहीर केले. संमत झालेला कायदाही लगेच लागू होतोच असे नाही. कामगार संहिता संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये संमत केल्या होत्या. त्यांची अंमलबजावणी त्यानंतर पाच वर्षांनी झाली.

लागू झालेला कायदाही न्यायालयात टिकेलच याची शाश्वती नसते. दरमहा ३० हजार रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखून ठेवणारा हरियाणाचा कायदा जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो रद्दबातल ठरवला.

म्हणूनच मालकाने बातमीवरून सावध व्हावे, पण निर्णय राजपत्र पाहूनच घ्यावा. अधिसूचना कोणत्या दिवशी प्रसिद्ध झाली, ती कोणत्या दिनांकापासून लागू आहे, किती कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तिची व्याप्ती आहे आणि तिला न्यायालयाने स्थगिती दिली आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय वेतनपत्रकात वा कामाच्या तासांत बदल करणे धोक्याचे ठरते.

काही बदल मात्र अपेक्षित वेळी येतात. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्त्यात जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांपासून फेरबदल होतो. कामगार कल्याण निधीची वर्गणी जून आणि डिसेंबरमध्ये कापली जाते. अशा तारखांचे राज्यनिहाय वेळापत्रक तयार करून ते पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवणे, अधिसूचनेची प्रत जपून ठेवणे आणि कंत्राटदाराकडील कामगारांनाही सुधारित दर मिळतो काय हे तपासणे, एवढी शिस्त लहान आस्थापनेलाही पाळता येते.

दुर्लक्षाची किंमत मात्र दोन्ही बाजूंना मोजावी लागते. वेतन संहितेनुसार देय रकमेपेक्षा कमी वेतन दिल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या वेळी निरीक्षकाने चूक सुधारण्याची संधी द्यावी, अशी तरतूद आहे. पाच वर्षांच्या आत तीच चूक पुन्हा झाल्यास ही संधी मिळत नाही. कामगाराच्या दृष्टीने तर वेळेवर न पाहिलेली अधिसूचना म्हणजे हक्काच्या वेतनातील दरमहाची तूट असते.