पाषाण, पाणी आणि दरज

पोहण्याच्या तलावाभोवतीच्या दगडी फरशीला जलरोधक लेप देणे हा सातारा जिल्ह्यात आता एक स्वतंत्र व्यवसाय होऊ पाहत आहे, तरी त्यावर काही लिहावे, असे संपादकांनी सुचविले. परंतु ज्या जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात उतरलेले घाट पिढ्यान्‌पिढ्या पुराचा मारा सोसत उभे आहेत, तेथे पाण्यापासून दगडाचे रक्षण करण्याची तजवीज कोणाला का करावीशी वाटावी, या कुतूहलाने मी आधी वाईचीच वाट धरली.

गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत मत्स्याकार असून पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगतो, ही हकिगत प्रत्येक प्रवासी ऐकून जातो. दरजांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. घट्ट काळा पाषाण स्वतः फारच थोडे पाणी शोषतो. पाणी शिरते ते सांध्यांतून, आणि जुन्या कामात तेथे घाण्यात मळलेला चुना भरीत, जो दगडाहून मऊ असे. आत गेलेली ओल त्या चुन्यातूनच बाहेर पडते, क्षार तेथेच साचतात, कालांतराने चुना भुसभुशीत होऊन झडतो आणि दगडाची कड शाबूत राहते. झडलेला चुना पुन्हा भरता येतो, फुटलेली कड सांधता येत नाही. म्हणून जुन्या दरजांत कठीण सिमेंट कोंबणाऱ्या दुरुस्तीविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही.

पाचगणीच्या बाजूस एका बंगल्याच्या तलावाकाठी जांभ्याची फरशी होती. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेत कठीण होतो, पण त्याची जाळी कायम राहते. तेथला प्रौढ कारागीर काम सुरू करण्याऐवजी फरशीवर बाटलीतून थेंब सोडीत बसला होता. थेंब पडे, क्षणभर फुगीर राही आणि काळा डाग पसरवीत नाहीसा होई. संध्याकाळी त्याने प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने दगडावर डकविला. सकाळी त्याच्या आतल्या अंगाला दव धरले होते. “बघा साहेब, खालून अजून ओल येतीय. औषध मारायच्या आधी दगड उपाशी पाहिजे,” असे म्हणून त्याने डबा बंद केला, आणि मालकांच्या नाराजीची पर्वा न करता काम पुढे ढकलले.

लेपाची ही औषधे दोन जातींची. एक दगडावर चकाकता पापुद्रा धरते, तर दुसरे, सिलेन-सिलॉक्सेन वर्गातले, छिद्रांत शिरून त्यांच्या भिंतींना जलविरोधी करते, छिद्रे मात्र बुजवीत नाही. त्यामुळे पाणी अळवाच्या पानावरल्यासारखे ओघळते आणि आतली वाफ बाहेर पडू शकते. मूर्तींना लेप देण्याची आपली परंपरा जुनी आहे, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाची कृतीच दिली आहे. पण गाभाऱ्यातील मूर्तीला ओल्या पायांची वर्दळ आणि क्लोरीनचे पाणी सोसावे लागत नाही.

अडचणी येथून सुरू होतात. मालकांना चकाकी हवी असते, आणि चकाकी देणारा पापुद्रा ओला झाला की पाय घसरतो, शिवाय तो पापुद्रा उन्हाने पिवळा पडतो, खालून आलेल्या वाफेने फुगून सुटतो. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा त्या पट्ट्यात दगड उपाशी सापडण्याचे दिवस हिवाळा-उन्हाळ्यातलेच. खालच्या सिमेंटातून लोणा वर आला की घाईघाईने ॲसिड ओतले जाते. काळा पाषाण ते काही काळ सोसतो, शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीच्या जातीचे दगड मात्र फसफसून खरखरीत होतात, आणि त्यांवर मग कितीही लेप दिला तरी गेलेली झिलई परत येत नाही.

सांगलीची तऱ्हा निराळी. तेथे ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले, धोक्याची पातळी 45 फुटांची असताना. अंगणांत दिवसचे दिवस पुराचे पाणी उभे राहिले, तर औषधाने काय साधावे? फरशीच्या कडांतून आणि खालच्या भरावातून पाणी शिरतेच. पृष्ठभागी चढलेला गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने धुतला तर निघतो, सुकून दरजांत बसला की खरवडावा लागतो, आणि खरवडताना चुनाही निघतो. तो पुन्हा भरायचा तर महिनाभर मुरवलेला चुना हवा. आणि बाजारात सिमेंटची गोणी हाताशी असताना एवढ्या दिवसांची मजुरी कोणाच्या खर्ची घालायची, यावर घरमालक आणि ठेकेदार यांचे एकमत होत नाही.