ठशांवरून कालनिर्णय

उत्तर अमेरिकेतील फरच्या व्यापारासाठी इंग्लंडमध्ये घडवलेल्या जुन्या रायफलींचा, म्हणजे नळीच्या आत सर्पिल खाचा असलेल्या बंदुकींचा, काळ ठरवताना नळीवरील ‘लंडन’ या कोरीव नावावर विसंबणे धोक्याचे ठरते, कारण बर्मिंगहॅमचे कारागीरही ते सर्रास कोरत. आणि बार्नेटसारख्या घराण्यांत बंदुका घडवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालल्याने निर्मात्याच्या नावावरूनही ढोबळ अंदाजच बांधता येतो. त्याहून भरवशाचा पुरावा म्हणजे जादा दारू भरून नळीची ताकद तपासल्यावर उमटवलेला परीक्षण-ठसा होय. बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह 1813 च्या कायद्याने स्थापन झाले असल्यामुळे, मुकुट व फुलीसारखे राजदंड यांच्यासोबत ‘बीपीसी’ ही अक्षरे असलेली नळी त्याआधीची असू शकत नाही. निव्वळ मुकुट-राजदंडाचा ठसा मात्र फसवा, कारण त्याच धर्तीची खासगी चिन्हे तत्पूर्वीही वापरात होती. अर्थात ठसा नळीचे वय सांगतो, सबंध बंदुकीचे नव्हे. कारण चकमकीच्या ठिणगीने पेटणाऱ्या कित्येक बंदुका पुढे स्फोटक टोपीच्या करण्यात आल्या. अशा बंदुकीच्या घोडा बसवलेल्या पट्टीवर, जिथे पूर्वी रंजकाची (पेटवणीच्या दारूची) वाटी बसवलेली असे तिथे, बुजवलेली स्क्रूची भोके बारकाईने पाहिल्यास आढळतात.