हिमप्रदेशातील पहिला सप्ताह : सागरतीरावरील प्रवाशांसाठी ऋतुसंधीचा विचार

वसई-विरार परिसरातील व्यवसायबंधूंना एक नवा रुग्णवर्ग आता परिचयाचा झाला आहे. वस्तुतः हा वर्ग आजारी नसतो. घरातील तरुण मंडळी दोन-तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन आल्प्स पर्वतात स्कीइंगसाठी निघतात, कधी परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांनाही बोलावून घेतात. आणि निघण्यापूर्वी ‘बर्फात जातोय, बरोबर काही औषध द्या’ अशी मागणी होते. च्यवनप्राशाची बरणी व सितोपलादीची डबी देऊन निरोप देणे सोपे असते. परंतु अशा प्रवासात प्रकृती बिघडण्याचा संभव पहिल्या सप्ताहात अधिक असतो, आणि त्या सप्ताहाची पूर्वतयारी आपल्या दवाखान्यातच होऊ शकते. त्या दृष्टीने हा लेखनप्रपंच.

देश आणि काल

वसई म्हणजे समुद्रसपाटीवरील, दमट हवेचा, भात-मासळी-नारळ सात्म्य असलेला अनूप देश. येथला माणूस एका रात्रीत शीत, रूक्ष व उंच प्रदेशात जाऊन उतरतो. वाग्भटाचार्यांनी सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येणाऱ्या ऋतूचे पहिले सात अशा १४ दिवसांस ऋतुसंधी म्हटले आहे. या काळात जुनी चर्या क्रमाने सोडावी व नवी क्रमाने स्वीकारावी. एकाएकी केलेला बदल असात्म्यज रोगांस कारण होतो, हे आपण सारे जाणतो. विमानप्रवासात हा संधिकाल उरतच नाही. तो आपण योजून द्यावा : सात दिवस घरी आणि सात दिवस तेथे.

घरचे सात दिवस

या सात दिवसांत रोज तिळतेलाचा अभ्यंग, प्रतिमर्श नस्य, कोमट पाणी व वेळेवर निद्रा यांची सवय लावावी. स्नायूंची तयारी मात्र सात दिवसांत होत नाही. ती निदान महिनाभर आधी सुरू करावी. स्कीइंगमध्ये उतारावर देहाचा भार सतत मांड्यांवर तोलला जातो. त्यामुळे विरारच्या जीवदानी डोंगराच्या पायऱ्या चढण्याइतकेच त्या सावकाश उतरणेही या तयारीस उपकारक आहे. जोडीला बैठका असाव्यात.

उच्च रक्तदाब, हृद्रोग, तमकश्वास, पांडुरोग अथवा गर्भावस्था असल्यास प्रथम तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास सांगावे. चालू असलेली आधुनिक औषधे प्रवासात खंडित होऊ नयेत, हेही बजावून सांगावे.

तेथील सात दिवस

प्रवासी कोठे निजणार आहे, हा प्रश्न अवश्य विचारावा. फ्रान्समधील शामोनी सुमारे १०३५ मीटर, स्वित्झर्लंडमधील झरमॅट सुमारे १६०० मीटर, तर फ्रान्समधीलच व्हाल तोरांस सुमारे २३०० मीटर उंचीवर आहे. अमेरिकेतील ब्रेकनरिज सुमारे २९०० मीटर, आणि आपले गुलमर्ग सुमारे २६५० मीटर. साधारण २५०० मीटरच्या वर निजणाऱ्यास उंचीचा त्रास होण्याचा संभव विशेष असतो. गाव सखल असले तरी रज्जुमार्ग काही मिनिटांत फार वर नेतो. झरमॅटहून सुमारे ३८०० मीटरपर्यंत जाता येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा मोह टाळावा.

पहिले दोन दिवस सपाट जागी फिरणे व विश्रांती एवढेच असावे. हिवाळ्यात मध्य युरोपातील घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. त्यामुळे प्रवाशास सायंकाळीच झोप येते व पहाटे दोन-तीन वाजता जाग येते. दिवसा प्रकाशात वावरावे, दुपारची झोप टाळावी व रात्री पादाभ्यंग करावा.

तिसऱ्या दिवसापासून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, सौम्य उतारावर, अर्धशक्ती व्यायाम या न्यायाने आरंभ करावा. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. कपाळ व काखेत येणारा घाम ही अर्धशक्तीची नेहमीची खूण लोकरीच्या कपड्यांखाली व कोरड्या हवेत कळत नाही. सुश्रुताचार्यांनी सांगितलेली खूण, म्हणजे श्वास मुखावाटे येऊ लागणे, तेथे उपयोगी पडते. आणि उंचीवर ती वसईपेक्षा पुष्कळ लवकर दिसते. ती दिसताच थांबावे. पहिल्या श्रमानंतर एक ते तीन दिवस मांड्या दुखतात. अभ्यंग व उष्णोदक स्नानाने हे शमते. परंतु पडल्यावर गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन सूज आली, तर तो आगंतुज विकार होय. तेथे मर्दन व स्वेदन न करता सांधा स्थिर करून तत्काळ तेथील डॉक्टरांस दाखवावे.

आहाराविषयीही तारतम्य हवे. हेमंतात अग्नी प्रबल असतो म्हणून गुरू व स्निग्ध आहार द्यावा, हे शास्त्र खरेच. परंतु उंचीवर आरंभी अनेकांची भूक मंदावते. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस उष्ण, लघू व द्रवप्राय आहार द्यावा, आणि अग्नी दीप्त झाल्यावर स्निग्धता वाढवावी. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून सुंठीचे कोमट पाणी ठरवून प्यावे. मद्य पहिल्या दिवसांत तरी वर्ज्य. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो; काळ्या चष्म्याखेरीज बाहेर पडल्यास नेत्रदाह व अश्रुस्राव होतो.

मध्यरात्रीचा दूरध्वनी

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. परदेशातून रुग्णाचा दूरध्वनी येतो : डोके दुखते, मळमळते, झोप नाही. लक्षणे आमदोषाची किंवा पित्ताची भासतात व सूतशेखर सुचवण्याचा मोह होतो. परंतु उंच ठिकाणी पोहोचल्यापासून काही तासांत ही लक्षणे उद्भवली असतील, तर प्रथम उंचीचा विकार समजावा. चढणे थांबवावे, विश्रांती घ्यावी. लक्षणे वाढल्यास खाली उतरावे. बसल्या जागी धाप, सतत खोकला, झोक जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता यांपैकी एकही लक्षण असेल, तर हा आत्ययिक प्रसंग होय. अशा वेळी रुग्णास त्याच क्षणी खाली उतरवून रुग्णालयात न्यावे. आपल्या औषधाने गुण येण्याची वाट पाहण्यात गेलेला एक तासही रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या शास्त्राला यात कमीपणा नाही. येथे निदान आहे उंची, आणि तिचे परिवर्जन म्हणजे अवरोहण.

औषधविक्रेत्यांसाठी

पुडीतील सुटे चूर्ण परदेशी प्रवाशास देऊ नये. उत्पादकाचे नाव, घटकद्रव्ये व मुदत छापलेले मोहोरबंद वेष्टनच द्यावे. सोबत वैद्यांचे इंग्रजीतील टंकलिखित पत्र, पदवी व नोंदणी क्रमांकासह असावे. रसौषधी शक्यतो टाळाव्यात. २००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून परदेशात या औषधांकडे संशयाने पाहिले जाते. तेल व आसव-अरिष्टांच्या मोठ्या बाटल्या हातातील सामानात नेता येत नाहीत. तेथे बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आहे. युरोपीय संघात प्रवाशास दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी असल्याने घरचे तूप किंवा सिद्धघृत देऊ नये. तेथे लोणी घेऊन कढवावे, हेच श्रेयस्कर. न्यूझीलंडला जाणाऱ्यास मध नेता येत नाही, म्हणजे मधयुक्त अवलेहही बाद होतात.

एवढी माहिती एका कागदावर छापून प्रत्येक प्रवाशाच्या हाती द्यावी. तो कागद औषधांच्या पिशवीत न ठेवता पारपत्राबरोबर ठेवण्यास सांगावे, कारण अडचणीच्या वेळी प्रथम हात तेथेच जातो. उंचीच्या विकाराची लक्षणे मात्र सोबतच्या नातेवाइकांस तोंडी समजावून सांगावीत. असंबद्ध बोलू लागलेला रुग्ण स्वतःचा कागद वाचू शकत नाही.