रूप, नोकरी आणि विवाह

रूपवान मनुष्य गुणवानही असावा, असे आपण नकळत गृहीत धरतो. थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सेनाधिकाऱ्यांविषयीचे अभिप्राय तपासून दाखविले की, शरीरयष्टीविषयीचे मत बुद्धी व नेतृत्व यांविषयीच्या मतातही मिसळते. अमेरिका व कॅनडा येथे रूपाने उणे ठरलेल्यांचे वेतनही इतरांहून उणे असते, असे हॅमरमेश व बिडल यांना १९९४ मध्ये आढळले. हा ग्रह मनात असतो तोवर अदृश्य राहतो; तो सेवानियमात उतरला म्हणजे त्याची परीक्षा करता येते.

मुंबईस मुख्यालय असलेल्या तत्कालीन एअर इंडियाच्या नियमांनुसार हवाई सुंदरीस वयाच्या ३५ व्या वर्षी, पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास त्या वेळी, अथवा पहिल्या गर्भारपणी निवृत्त व्हावे लागे. पस्तिशीनंतरची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होती. तरुण व आकर्षक स्त्रीच प्रवाशांना अधिक नीट सांभाळू शकते, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मीर्झा खटल्यात फेटाळला; गर्भारपणाची अट व संचालकांची अनिर्बंध मर्जी रद्द केली. विवाहाची अट मात्र राखली.

तथापि ज्या व्यवसायाचे मराठी नावच ‘सुंदरी’ या शब्दाने सिद्ध झाले, तेथे रूप ही पात्रता की केवळ आपली अपेक्षा, हा प्रश्न निकालाने संपत नाही. विवाहाच्या जाहिरातीत हीच अपेक्षा ‘गोरी, सुस्वरूप’ या विशेषणांनी उघड मांडली जाते. आणि तेथे नाकारलेल्या मुलीस दाद मागावयास न्यायालयही नाही.